अर्थिंगचं पाणी

उजव्या हाताची बोटं पालथी होऊन पलंगाच्या कठड्याला निसटती लागली आणि भूपेंद्रच्या कातडीखाली काहीतरी थरथरलं. झटका म्हणावा इतकं ते मोठं नव्हतं. बारीक करवतीचे दात कोणी बोटांवरून हलकेच फिरवावेत तसं झालं आणि लगेच गेलं. पेजेची वाटी त्याने खिडकीत ठेवली आणि खाली पाहिलं. वहिनीने नुकताच पोछा मारला होता, फरशी ओली होती आणि तिच्यावर त्याचे पाय अनवाणी होते. त्याने पुन्हा बोटं पालथी केली आणि कठड्याचा रंग जिथे उडाला होता तिथून अलगद ओढली. पुन्हा तीच थरथर. ती ओळखायला त्याला कुठलं यंत्र लागणार नव्हतं. सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारा घरचा करंट. पुण्याच्या लॅबमध्ये ज्याला तो आणि त्याची माणसं बारा महिने हुसकून लावत असत, तो इथे पांढुर्ण्यात, त्याची माय निजली होती त्या लोखंडी पलंगात ठाण मांडून बसला होता. आणि मायच्या डाव्या हाताची, म्हणजे उरलेल्या एकुलत्या हाताची बोटं त्याच कठड्याच्या गजात अडकवलेली होती.

चंद्रकलाबाईंना होळीच्या सुमारास लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे आहेत, पण त्यांतून किती दिसतं हे नागपूरच्या डॉक्टरांनाही धड सांगता आलं नाही. त्या ते बहुतेक मिटूनच ठेवतात. कान मात्र शाबूत. कंपनीत अर्ज टाकून भूपेंद्र लॅपटॉपसकट घरी येऊन राहिला होता. आल्या दिवसापासून तो मायला भरवायला बसत होता आणि आल्या दिवसापासून माय त्याच्या हातून आपला हात ओढून घेत होती. मनगटाला हात लावला की अंग आखडायचं, हात हिसडून छातीशी जायचा, तोंड भिंतीकडे वळायचं आणि ओठ घट्ट मिटायचे. मग पूनमवहिनी यायची, 'सरका भाऊजी' म्हणायची आणि माय तिच्या हातून मुकाट वाटीभर पेज खायची. सौंसरहून दिवसाआड व्यायाम करवून घ्यायला सुखदेव येतो, परका माणूस, त्याच्याही हातात माय हात देते. तो आपला बूट घालून तरातरा आत येतो, 'चला काकू, मूठ उघडा' म्हणतो आणि काकू मूठ उघडतात. भूपेंद्र दारात उभा राहून हे पाहत असे. चाळिशीला आलेल्या माणसाला सुखदेवचा हेवा वाटावा, ही काही बरी गोष्ट नव्हती. पण वाटायचा.

कारण तिच्या रागाला कारण होतं. आपल्याला जामसावळीला ने, एवढंच ती किती वर्षांपासून म्हणत होती. सौंसरपासून थोड्याच अंतरावरचा हनुमान, जो तिथे उभा नाही, निजलेला आहे. रवींद्र, भूपेंद्रचा मोठा भाऊ, तिला कधीही मोटरसायकलवर बसवून घेऊन गेला असता. पण तिला भूपासोबत जायचं होतं. त्याला नोकरी लागली तेव्हाचा नवस होता तो, आणि नवस ज्याच्यासाठी बोलला त्यानंच सोबत यायचं. भूपाचं मात्र दर वेळी काहीतरी निघायचं. कधी सँपल फेल झाले, कधी जर्मनीचे लोक आले. शेवटच्या वेळी त्याने नाही म्हटलं तेव्हा ती नुसतं 'बरं' म्हणाली. त्यानंतर फोन केला की पूनमवहिनी उचलायची आणि म्हणायची, आई देवाजवळ बसल्या हायेत, आई तिगावच्या वावरात गेल्या हायेत. एक बाई किती वेळ देवाजवळ बसेल? त्याला कळत होतं. रुसली आहे, जाऊन समजूत काढू, असं तो मनाशी म्हणत राहिला, आणि मग समजूत काढायला जे माणूस लागतं त्याची वाचाच गेली. आता तिच्याकडे सांगायला एक डावा हात तेवढा होता, आणि तो हात रोज तीन वेळा त्याला सांगत होता, नको.

पुण्यात त्याला लोक विचारत, तू करतोस काय? कनेक्टर. म्हणजे? म्हणजे चार्जरची पिन जिथे घुसते ते भोक. एवढ्याला इंजिनियर लागतो? लागतो, असं म्हणून तो विषय बदलायचा. मायला विचारलं तर ती अभिमानाने शेजारणींना सांगायची, "माहा भूपा पुन्याले पत्र्याच्या डब्या बनवते." ते तसं खरंच होतं. सर्किट बोर्डावर बसणारी नखाएवढी डबी. आत केसासारख्या पिना, त्यांतून जाणारे इतके क्षीण संदेश की शेजारून मोबाइल वाजला तरी घाबरून जावेत. म्हणून भोवती पत्र्याचं कवच, म्हणजे शेल, कवचाला आतून स्प्रिंगच्या जिभा, आणि खाली चार पाय, जे बोर्डाच्या जमिनीत झाळून टाकायचे. जमीन म्हणजे बोर्डाच्या पोटातला तांब्याचा सपाट थर. सगळ्या गळत्या, सगळा गोंगाट जिथे जाऊन मुकाट मुरतो ती जागा. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी सांगत असे, कवच सुंदर करून उपयोग नाही, त्याला जमीन कुठे मिळते ते आधी बघा. जमीन नसेल तर तुमचं कवचच बाहेरची घाण गोळा करून आत पोचवील. जमिनीची पिन इतरांपेक्षा किंचित लांब ठेवायची, जोडताना ती सर्वांच्या आधी भिडली पाहिजे आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटली पाहिजे. पोरं वहीत उतरवून घेत. ड्रॉइंगमध्ये जमिनीची खूण सोपी असते, एकाखाली एक लहान होत गेलेल्या तीन आडव्या रेघा. हजारो वेळा त्याने त्या काढल्या असतील. त्या रेघांच्या खाली काय असतं हे विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

आता ओल्या फरशीवर उभा असताना त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसू लागली. करंटला जायला वाट लागते. माय गादीवर, गादी रबराची. ती नुसता कठडा धरून पडली असेल तर तिला काहीच कळणार नाही. पण कोणी अनवाणी माणसाने ओल्या फरशीवर उभं राहून तिचं मनगट धरलं, की वाट झाली. कठड्यातून तिच्या बोटांत, बोटांतून मनगटात, मनगटातून त्याच्यात आणि त्याच्या पायांतून खाली. त्याच्या रुंद तळहातात तो करंट पसरून जायचा म्हणून त्याला आजवर काही जाणवलं नाही, आणि तिच्या बोटांच्या टोकांवर मात्र तोच एकवटून डसायचा. सुखदेव बूट घालून येतो. आणि वहिनी? वहिनीच्या टाचांना भेगा आहेत, ती घरभर रबरी स्लीपर घालून फिरते, फटक फटक. मायच्या राज्यात हे चाललं नसतं. उंबऱ्याच्या आत चप्पल आलेली दिसली की ती भल्याभल्यांना माघारी पाठवायची. एकदा रेल्वेतला कोणी साहेब वडिलांना भेटायला आला होता, त्यालाही तिने सांगितलं, जोडे भायेर काढा. ती पडली तशी वहिनीने स्लीपर आत आणली, आणि भूपेंद्रला ते खुपलं. माय बोलू शकत नाही म्हणून तिचा कायदा मोडायचा का? तो हट्टाने अनवाणी राहिला. तेवढं तरी आपण तिचं पाळतो आहोत, असं त्याला वाटायचं. आणि त्यामुळेच घरातला एकटा तो, फक्त तो, तिला चटके देत होता.

तेव्हा त्याला हसू आलं, म्हणजे हसूच आलं. माय रागावली नव्हती! हात नको म्हणत नव्हता, हात बिचारा पोळत होता! एवढा महिना जीव कुरतडणारी गोष्ट निव्वळ एक गळती निघाली होती, आणि गळत्या शोधणं हा त्याचा धंदा होता. खिशात फोन वाजला, पुण्याहून कुलदीप होता. "सर, नवीन सँपलमध्ये पण हम येतोय, तीच पन्नासची गुणगुण. शेल बदलून बघू का?" "शेलला हात लावू नकोस," तो म्हणाला, "जमीन तपास आधी," आणि त्याने फोन ठेवून दिला. कुलदीपला साहेबांच्या आवाजातला आनंद बहुधा समजला नसावा.

वहिनी आली तेव्हा तो पलंगाखाली पालथा पडला होता.

"काय करून राहिले भाऊजी तिथं? पेज थंडी झाली ना."

"वहिनी, पलंगात करंट आहे. टेस्टर आण."

"करंट? मले त कधी नाई लागला बाप्पा."

"तुझ्या पायात स्लीपर आहे."

पूनमने आपल्या पायांकडे पाहिलं आणि कोणी चोरी पकडल्यासारखी ती ओशाळली. "टाचा दुखते म्हनून घालतो," ती म्हणाली. "आई बोलल्या असत्या तं नसती घातली." मग एकदम तिच्या डोळ्यांत भीती आली. "म्हंजे आईले करंट लागून राहिला होता? इतके दिवस?"

टेस्टरचा दिवा मिणमिणत लागला. त्याने पलंगाच्या, डोक्याकडची बाजू उचलणाऱ्या मोटरचा प्लग काढला, थरथर गेली. घातला, आली. मग त्याने प्लग तसाच ठेवून खिडकीतला कूलर बंद केला आणि त्याचाही प्लग उपटला. थरथर गेली. म्हणजे गळतं कूलरमधून होतं. जुनी मोटर, अष्टौप्रहर पाण्यात बसलेली. कूलरमधून गळलेला करंट अर्थिंगच्या हिरव्या तारेत उतरत होता, जसा उतरायला हवा तसा. पण ती तार त्याला खाली जमिनीत न्यायच्या ऐवजी घरभर फिरवत होती, आणि फिरवता फिरवता पलंगात आणून सोडत होती. आणि पलंगाला ती तार कोणी जोडली होती? सौंसरहून पलंग आला त्या दिवशी रवींद्र प्लग न लावता दोन तारा सॉकेटात कोंबून आगपेटीच्या काड्या खोसून देणार होता. डोकं वर करायची छोटी मोटर आहे, तिला काय होते, असं तो म्हणाला. भूपेंद्र त्याच्यावर डाफरला होता. तीन पिनचा प्लग त्याने स्वतः आणला, बोर्ड उघडला, हिरवी तार स्वतः पिळून आवळली. माझ्या मायचा पलंग बिनाअर्थिंगचा राहणार नाही. किती समाधान वाटलं होतं त्याला त्या रात्री! रवींद्रच्या काड्या राहिल्या असत्या तर कूलरचा हा करंट पलंगापर्यंत आलाच नसता. ही गोष्ट आता त्याला इतकी स्पष्ट दिसली की तो पलंगाखालून लगेच बाहेरच आला नाही. वर माय श्वास घेत होती, तिच्या श्वासाने गादीची पट्टी हलत होती, आणि तो खाली पडून ती पट्टी पाहत राहिला.

हिरव्या तारेच्या मागे मागे तो अंगणात आला. समोरच्या खोलीत वडिलांची पिठाची चक्की, यशवंतराव गेले तेव्हापासून बंद, वर पोतं टाकलेलं. चक्कीच्या भिंतीतून तार बाहेर येऊन तुळशीपाशी जमिनीत गेलेल्या एका लोखंडी नळीला बांधली होती. लहानपणी तो खड्डा खणताना त्याने पाहिला होता. वडिलांनी त्यात कोळसा टाकला, मिठाची पोती रिचवली, वर नळी रोवली. चक्कीच्या मोटरची अर्थिंग. आता नळीभोवतीची माती भेगाळून तिच्यापासून सुटली होती, बोट जाईल एवढी फट पडली होती आणि कडेला मिठाचं पांढरं फूल आलं होतं. वैशाखाच्या उन्हात ती माती विटेसारखी वाजत होती. इथून खाली काहीच जात नव्हतं.

"तिथं आई रोज पानी टाकत," मागून पूनम म्हणाली. "तुळशीले घातलं का लोट्यातलं उरलंसुरलं तिथं. म्या इचारलं बी एकदा, हे काय देव हाय का म्हनून. तं म्हने, तुया सासऱ्यानं सांगतलं होतं, याले तहानलं ठेवू नको. चक्की बंद झाली तरी टाकतच राहिल्या. तुळशीले मी टाकून राहिली ना भाऊजी, एक दिवस नाई चुकवला. पन हे बी पानी पेते, हे मले कुठं ठाऊक!"

भूपेंद्रलाही ठाऊक नव्हतं. तीन रेघा काढणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं की खाली माती असते, माती सुकते आणि तिला रोज कोणीतरी पाणी घालावं लागतं. माय घालत होती. ती पडली, पाणी थांबलं, माती आटली, आणि कूलरचा करंट फिरून तिच्याच बोटांत येऊन डसू लागला. तो मोरीतून बादली भरून आणत राहिला. पहिली बादली तर त्या फटीत दिसेनाशी झाली, नुसता बुडबुड आवाज आला. वहिनीने खड्या मिठाची थैली आणून दिली, ती त्याने रिकामी केली, पुन्हा पाणी ओतलं. चिखल झाला, शर्ट भिजला, ऊन डोक्यावर आलं. नळीपाशी माती काळी पडून घट्ट बसली तेव्हा तो पाय धुऊन आत गेला. पलंगाचा प्लग जागेवर होता. कूलर त्याने खोलीबाहेर ओढून ठेवला होता. संध्याकाळी बोरगावहून ड्यूटी सुटून रवींद्र आला की कूलर दुरुस्तीला जाणार होता. ओल्या पायांनी उभं राहून त्याने बोटं पालथी केली, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. काही नाही. थंड, निर्जीव लोखंड. त्याने टेस्टर लावला. काही नाही. एवढ्या वर्षांत कुठलाही रिपोर्ट पास झाल्याचा त्याला असा आनंद झाला नव्हता.

"माय," तो म्हणाला. "आता नाही लागणार. बघ."

त्याचा आवाज कानी पडताच मायची बोटं गजातून सुटली. त्याने हात पुढे केला, मनगटाला हलकेच लावला, आणि हात हिसडून छातीशी गेला. तोंड भिंतीकडे वळलं. ओठ घट्ट मिटले.

त्याने थोडा वेळ जाऊ दिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर त्याने हात लावायच्या आधी नुसते पाय फरशीवर उचलून ठेवले, ओल्या पायांचा चिकट आवाज झाला आणि तेवढ्यानेच माय आक्रसली.

"सवय झाली असंन," दारातून पूनम हळूच म्हणाली. "मोहगावले आमच्या बाबाच्या संत्र्याच्या वाडीले झटक्याची तार हाय ना, तिले एकदा गाय लागली का मंग बॅटरी काढून नेली तरी तिकडं जात नाई. सुटंन हळूहळू. तुमी मनाले नका लावू."

असेल, तसंच असेल. ती असंच म्हणणार आणि आपणही असंच म्हणत राहणार, हे त्याला तिथेच कळून चुकलं. हा हात करंटाला भ्यायला होता, का जामसावळीला न नेणाऱ्या पोराला नको म्हणत होता, हे सांगणारं कुठलंच यंत्र नव्हतं. सकाळपर्यंत निदान एक राग तरी होता. आता राग आहे की नाही हेही नाही. आणि जर फक्त भीती असेल, तर ती त्याच्या हाताची होती. तिच्या अंधारात गेला महिनाभर दुखणं ज्या आवाजाने यायचं, ज्या पावलांनी यायचं, ती त्याची होती. कूलरला, तारेला, कोरड्या मातीला ती कुठून ओळखणार? तिने एकच गोष्ट ओळखली होती. भूपा आला की दुखतं. हे तिला समजावून सांगायला तोंड उघडावं तर आवाजही त्याचाच. तो असा अगतिक कधीच झाला नव्हता, वडील गेले तेव्हाही नाही.

पूनम पेज पुन्हा गरम करून घेऊन आली, वाटी खिडकीत ठेवली. कूलर नसल्याने खोली तापू लागली होती, मायच्या कपाळावर घाम आला होता. "पाय धुऊन येतो, मंग भरवतो मी," असं म्हणून ती मोरीकडे गेली. चिखलाने भरलेल्या स्लीपर तिने दाराशी धुऊन उलट्या टेकवून ठेवल्या होत्या. भूपेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. निळे पट्टे, टाचेशी झिजलेल्या. उंबऱ्याच्या आत, आपल्या घरात, त्याने जन्मात कधी चप्पल घातली नव्हती. त्याने त्या सरळ केल्या आणि पाय घातले. टाचा मागे बाहेर राहिल्या.

फटक, फटक, फटक. खिडकीपर्यंत जाऊन त्याने वाटी उचलली. पलंगापाशी येईपर्यंत मायचं तोंड भिंतीकडून इकडे वळलं होतं. डोळे मिटलेलेच होते. त्याने चमचा ओठांशी नेला आणि ओठ उघडले. पहिला घोट गेला. दुसरा गेला. हनुवटीवर ओघळलेली पेज त्याने, वहिनी टिपते तशी, पदर नव्हता म्हणून शर्टाच्या बाहीने टिपली. मग वाटी मांडीवर ठेवून त्याने आपला हात तिच्या हाताशी नेला, आणि मायने तो धरला. धरून ठेवला. अंगठ्याने त्याच्या बोटांवरून ती हळूहळू चोळू लागली, लहानपणी ताप आला की चोळायची तशीच. राबणाऱ्या सुनेच्या हातावरून ती हा अंगठा फिरवत होती हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने हात काढून घेतला नाही.

दारात ओल्या पायांनी पूनम येऊन उभी राहिली होती. ती काहीतरी बोलणार होती, पण त्याने मान हलवून नको म्हटलं, तशी तिने पदर तोंडाशी धरला आणि ती तिथेच थांबली. तो भरवत राहिला. घशाशी दोनदा हाक आली, दोन्ही वेळा त्याने ती गिळली. वाटी संपेपर्यंत त्याने चकार शब्द काढला नाही, आणि उठताना पाय जरा जोरात आपटत गेला, म्हणजे मायला कळावं, पूनम चालली.